कोर्सची फी भरण्याआधी: ठाणे-नवी मुंबईतल्या फोटो स्टुडिओवाल्यांनी शिकण्यावर पैसे कसे, कधी आणि कुठे लावावेत

लग्नाचा सीझन संपतो, पार्ट्यांकडून, म्हणजे ग्राहकांकडून, बॅलन्स जमा होतो, आणि नेमकी तेव्हाच मोबाइलवर वर्कशॉपची जाहिरात येते. पैसे भरले जातात. दोन दिवसांनी सर्टिफिकेट, ग्रुप फोटो, एखादी रील. दिवाळीनंतर पुन्हा लग्नं सुरू होतात तेव्हा दर तोच असतो, अल्बम तितकाच उशिरा जातो आणि रात्री दोनला एडिटिंग चालूच असतं.

वर्कशॉप वाईट होतं असं नाही, चुकला तो क्रम. आधी फी भरली आणि मग शिकलेलं कुठे वापरायचं ते शोधत बसलो, तर पैसे वाया जातातच. खालच्या पायऱ्या एक ते चार माणसांच्या स्टुडिओला धरून आहेत, मग तो नौपाड्यात गाळा घेऊन असो किंवा खारघरच्या घरातल्या एका खोलीतून चालत असो. नवी कॅमेरा बॉडी किंवा लेन्स या हिशोबात धरलेली नाही. ती यंत्रसामग्री आहे. ती घेतल्याने धंदा वाढला असं समजणं हीच बऱ्याच जणांची पहिली चूक असते.

## पायरी १: मागच्या बारा महिन्यांच्या ऑर्डर्स तासांसकट लिहून काढा

रक्कम सगळ्यांच्या लक्षात असते, तास कोणाच्याच नसतात. प्रत्येक प्रकारची किमान एक ऑर्डर घ्या आणि पार्टीच्या पहिल्या फोनपासून अल्बम हातात देईपर्यंत किती तास गेले ते मांडा.

समजा दोन दिवसांचं लग्न ९०,००० रुपयांना घेतलं. सेकंड शूटर (सोबतचा दुसरा फोटोग्राफर) १२,०००, व्हिडिओग्राफर १५,०००, व्हिडिओ एडिटिंग बाहेर दिलं त्याचे १२,०००, अल्बम १४,०००, प्रवास-पेनड्राइव्ह-चहापाणी ३,०००. एकूण ५६,००० गेले, हातात राहिले ३४,०००. आता तास: भेटीगाठी ६, शूट २४, सिलेक्शन १०, एडिटिंग ३०, अल्बम डिझाइन १२ आणि करेक्शनच्या येरझाऱ्या ८. एकूण ९० तास. म्हणजे तासाला साधारण ३७८ रुपये, आणि त्यातून गाळ्याचं भाडं, वीज, सॉफ्टवेअरची वर्गणी अजून जायची आहे.

त्याच स्टुडिओतलं बेबी शूट बघा. १२,००० ची ऑर्डर, प्रॉप्स आणि मदतनीस मिळून २,५००. उरले ९,५००. फोनवर बोलणं २ तास, शूट ३, एडिटिंग ५. तासाला ९५० रुपये.

आकडे तुमचे वेगळे येतील, पण असं मांडलं की दोन गोष्टी दिसतात. कोणत्या कामात खरा पैसा सुटतो ते, आणि तास नेमके कुठे मुरतात ते. वरच्या लग्नात ६० तास कॅमेरा खाली ठेवल्यानंतरचे आहेत. अशा माणसाने लाइटिंगच्या वर्कशॉपला जाणं म्हणजे गुडघा दुखतोय आणि मलम खांद्याला चोळायचं. त्याने आधी सिलेक्शन, प्रीसेट (एडिटिंगच्या तयार सेटिंग्ज), अल्बम पास करून घेण्याची पद्धत शिकावी किंवा एडिटिंग बाहेर देऊन त्यावर देखरेख करायला शिकावं.

करेक्शनचे ते आठ तास तर बहुतेक वेळा टाळता येतात. पार्टी तीन हप्त्यांत बदल सांगते: आधी नवरीचा, मग नवरीच्या आईचा, आणि छपाईला जायच्या आदल्या दिवशी ‘आत्याबाईंचा एकही सिंगल फोटो नाही’. एकाच माणसाने, एकाच यादीत, दोनच वेळा बदल सांगायचे हे सुरुवातीलाच लिहून घेणं ही शिकायची गोष्ट आहे, आणि तिला कोर्स लागत नाही.

तपासा: प्रत्येक प्रकारच्या कामाचा तासाचा दर कागदावर आला का? ‘अंदाजे चांगलं सुटतं’ हे उत्तर चालणार नाही.

## पायरी २: हातून गेलेल्या चौकश्या मोजा

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. व्हॉट्सॲप बिझनेस वापरत असाल तर लेबलं लावून ठेवा: चौकशी, दर सांगितला, भेट झाली, ऑर्डर, गेली. जुन्या चॅट चाळून मागच्या सहा-आठ महिन्यांच्या चौकश्या या पाचांत वाटा. एका संध्याकाळचं काम आहे.

फोटो मागवल्यावर माणूस गप्प झाला असेल तर अडचण तुमच्या कामात आहे, किंवा ते दाखवण्याच्या पद्धतीत. दर सांगितल्यावर गप्प झाला असेल तर ‘दर जास्त आहे’ असा निष्कर्ष लगेच काढू नका. बहुतेकदा पीडीएफमध्ये नुसती रक्कम असते, त्या रकमेत काय मिळणार ते नसतं. भेट होऊनही ऑर्डर जात असेल तर बोलण्यावर काम करायला हवं. आणि चौकश्याच मोजक्या असतील तर फोटोग्राफीचा कोणताही कोर्स सध्या बाजूला ठेवा. तुम्ही लोकांना दिसतच नाही आहात.

## पायरी ३: कमतरता कोणत्या जातीची आहे ते ठरवा

ढोबळ चार जाती धरा. हाताची: लाइट, पोझ, क्षण पकडणं. टेबलाची: सिलेक्शन, रंग, अल्बम, बॅकअप. बोलण्याची: कोटेशन, दर टिकवणं, नाही म्हणणं. कागदाची: करार, कर, परवानग्या.

आपल्याकडे ९०,००० च्या लग्नाचा करार म्हणजे एका वहीच्या पानावर टोकनची सही. त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे: ज्यांच्याकडे लेखी करार नाही त्यांनी पहिले पैसे वकिलाला द्यावेत, कोर्सला नाही. एकदा मसुदा बनला की वर्षानुवर्षं चालतो. त्यात काय असावं ते पायरी ८ मध्ये येतं.

हाताची कमतरता स्वतःला दिसत नाही. त्यासाठी एका लग्नाचे सलग ३०० फोटो, न निवडलेले, अशा माणसाला दाखवा जो तुमचा मित्र नाही आणि स्पर्धकही नाही. एखादा अल्बम लॅबवाला उत्तम परीक्षक असतो. रोज वीस स्टुडिओंच्या फाइल त्याच्या डोळ्यांखालून जातात, आणि तुमच्या फोटोंतली त्वचा लाल छापून येते हे त्याने आजवर केवळ भिडेखातर सांगितलेलं नसतं.

सावधान: इन्स्टाग्रामवरचे लाइक हा पुरावा धरू नका. लाइक देणारे निम्मे फोटोग्राफरच असतात, आणि ते तुम्हाला ऑर्डर देणार नाहीत.

## पायरी ४: एकच गोष्ट निवडा, आणि वाक्य रकमेसकट लिहा

‘कॅन्डिड सुधारायचं आहे’ हे ध्येय झालं नाही. असं लिहा: ‘तुळशीच्या लग्नानंतर घेतलेल्या ऑर्डर्स सहा आठवड्यांत डिलिव्हर करायच्या, आणि त्या जोरावर लग्नाचा दर ९०,००० वरून १,०५,००० करायचा.’ यात काय शिकायचं, कधीपर्यंत आणि त्याचा पैसा कुठून येणार, तिन्ही आलं.

वाक्यात रक्कम बसत नसेल तर ती गोष्ट छंद म्हणून शिका. ठाणे खाडीत फ्लेमिंगो टिपणं सुंदर आहे. हिवाळ्यात ऐरोलीला किंवा नेरूळच्या पाणथळीवर जरूर जा. पण त्या लेन्सचा हप्ता ‘धंद्याची वाढ’ या खात्यात लिहू नका.

## पायरी ५: पैसे बाजूला काढा, आणि फीइतकाच सराव धरा

वेगळं बचत खातं उघडा आणि प्रत्येक बॅलन्समधून ठरावीक टक्के त्यात टाका. तीन टक्के असोत की पाच, पार्टीचे पैसे आल्याच्या दिवशी टाकायचे. महिनाअखेर काही उरत नसतं.

मग त्या रकमेचे दोन भाग करा. फी फार तर अर्धी. उरलेली अर्धी सरावाला: मॉडेल, मेकअप, भाड्याचा लाइट, चार तासांचा स्टुडिओ, टेस्ट प्रिंट. सगळे पैसे फीमध्ये गेले की शिकलेलं वहीत राहतं. नेमकं हेच सर्वांत जास्त घडतं.

कराचं थोडक्यात. सेवा देणाऱ्यांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की जीएसटी नोंदणी लागते, आणि फोटोग्राफीच्या सेवेवर दर १८ टक्के आहे. तुम्ही नियमित नोंदणीत असाल तर कोर्सचं बिल तुमच्या जीएसटी क्रमांकासह धंद्याच्या नावानेच घ्या, म्हणजे इनपुट क्रेडिट (फीवर भरलेला जीएसटी तुमच्या देय जीएसटीतून वजा) मागता येईल. नोंदणी नसेल किंवा कंपोझिशनमध्ये (छोट्या धंद्यांसाठीची जीएसटीची सोपी योजना) असाल तर तो १८ टक्के तुमचाच खर्च आहे, बजेटमध्ये धरा. प्राप्तिकर ढोबळ टक्केवारीवर भरत असाल तर कोर्सचा खर्च वेगळा वजा होत नाही. पूर्ण हिशोबवह्या ठेवत असाल तर सीएला आधीच विचारा, मार्चमध्ये नाही.

सावधान: कोर्सची फी ईएमआयवर भरू नका. सराव करायच्या महिन्यात हप्त्यासाठी पडेल त्या दरात ऑर्डर घ्यावी लागते. आणि ‘उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करून देतो’ म्हणून पैसे मागणारे टाळा. सरकारी पोर्टलवर ती मोफत होते.

## पायरी ६: चातुर्मास धरून तारखा बसवा

आषाढी एकादशी ते तुळशीचं लग्न हा आपल्या धंद्याचा शिकायचा काळ. मुहूर्त नसतात, पाऊस असतो. पण त्यातही सगळे आठवडे सारखे नाहीत. श्रावणात मंगळागौर आणि बारशाची कामं येतात. गणपतीत आणि नवरात्रात सोसायट्यांचे कार्यक्रम, मंडळं. वर्कशॉप आषाढात किंवा पितृपक्षात ठेवा. पितृपक्षात नव्या पार्ट्याही बुकिंगला येत नाहीत, फोन शांत असतो. डिसेंबर-जानेवारीत पौष आला की दुसरी फट मिळते, ती उजळणीला. अधिक महिना ज्या वर्षी येईल तेव्हा तोही.

दादर किंवा अंधेरीला रविवारचं वर्कशॉप असेल तर मेगाब्लॉकचं वेळापत्रक आधी बघा. पहिला तास, जो खरा महत्त्वाचा असतो, तो कुर्ल्याला उभं राहून जायचा. वाशी-नेरूळकडच्या लोकांना ठाण्यातलं आणि ठाणेकरांना वाशीतलं वर्कशॉप ट्रान्स-हार्बरने सोयीचं पडतं. गुणवत्ता सारखी असेल तर जवळचं घ्या, कारण सरावासाठी त्याच माणसाकडे पुन्हा जाता येतं.

## पायरी ७: शिकवणाऱ्याची परीक्षा घ्या

फी भरण्याआधी हे विचारा, आणि विचारायला लाजू नका:

१. एका पूर्ण लग्नाची गॅलरी दाखवाल का? निवडक तीस फोटो नकोत. दुपारी साडेबाराला, घामेजलेल्या भटजींच्या मागून काढलेली सप्तपदी कशी आली ते बघायचं असतं.

२. एका मॉडेलमागे किती जण? वीस जण एकाच लावलेल्या लाइटमध्ये एकामागून एक क्लिक करतात, त्यातून ते लाइटिंग शिकत नाहीत. लाइट कोणी हलवला हे महत्त्वाचं.

३. दोन वर्षांपूर्वी शिकलेल्यांपैकी दोघांशी बोलता येईल का? त्यांना ‘कोर्स कसा होता’ हे विचारू नका. ‘त्यानंतर दर वाढवलात का’ हे विचारा.

४. नंतर शंका विचारायची सोय किती दिवस? बॅच रद्द झाली तर पैसे परत की ‘पुढच्या बॅचला ॲडजस्ट’? उत्तर लेखी घ्या.

कोर्सऐवजी मोठ्या फोटोग्राफरकडे एक सीझन सेकंड शूटर म्हणून उभं राहणं मला अनेकदा जास्त फायद्याचं वाटतं. पैसे कमी मिळतात, पण विहिणी रुसल्यावर तो फॅमिली फोटो कसा लावतो हे कुठल्याच अभ्यासक्रमात नसतं. फक्त तिथले फोटो तुमच्या पोर्टफोलिओत वापरायची परवानगी आधी मागा, आणि त्याची पार्टी स्वतःकडे वळवू नका. ठाण्याचा बाजार लहान आहे.

सावधान: वर्कशॉपमधल्या सजवलेल्या मॉडेलचे फोटो ‘आमचं काम’ म्हणून पार्टीला दाखवू नका. तेच फोटो आणखी एकोणीस जणांच्या पेजवर असतात, आणि नवऱ्या मुली आता ते ओळखतात.

### ड्रोनचं वेगळं सांगावं लागतं

‘ड्रोन शिकतो, पॅकेज वाढवतो’ असं ठरवणाऱ्यांनी शिकण्याआधी कागद बघावेत. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला रिमोट पायलट सर्टिफिकेट लागत नाही. त्यापुढच्या, दोन किलोपर्यंतच्या मायक्रो ड्रोनला व्यावसायिक कामासाठी लागतं, आणि ते डीजीसीएने (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने) मान्यता दिलेल्या संस्थेतल्या प्रशिक्षणानंतरच मिळतं. दहावी पास आणि १८ ते ६५ वय ही अट आहे. शिकवणारी संस्था मान्यताप्राप्त आहे का, हे डीजीसीएच्या संकेतस्थळावर स्वतः पाहा.

सर्टिफिकेट मिळालं तरी कुठेही उडवता येत नाही. हवाई हद्दीचे हिरवा, पिवळा, लाल असे भाग आहेत. इकडे मुंबई विमानतळ, तिकडे नवी मुंबई विमानतळ. उलवे-पनवेल पट्ट्यात जुन्या सवयीने ड्रोन काढणं आता महागात पडेल. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथे वनखातं. शिवाय पोलीस आयुक्तालयांचे मनाई आदेश वेळोवेळी निघतात. वर्षाला चार ऑर्डर्समध्येच ड्रोन मागतात असं पायरी १ मध्ये दिसलं असेल, तर परवानाधारक पायलट दिवसावर बोलवा आणि विषय संपवा.

## पायरी ८: पहिले पंधरा दिवस सराव, लगेच दरपत्रक आणि करार

शिकल्यावर पंधरा दिवसांत सराव झाला नाही तर तो होत नाही. सराव खऱ्या जागेत करा. उदाहरण म्हणून हॉलचा लाइट घेऊ, कारण आपले निम्मे फोटो तिथेच बिघडतात.

आडवारी, दुपारच्या रिकाम्या वेळी एखाद्या मंगल कार्यालयाच्या मॅनेजरला गाठा. ‘हॉलचे आणि स्टेजचे चार चांगले फोटो तुम्हाला वेबसाइटसाठी देतो, दोन तास लाइट चालू करून द्या.’ बहुतेक जण तयार होतात. अंतरपाटाच्या जागी असिस्टंटला उभं करा. वरून पांढरे एलईडी, समोरून पिवळे फोकस, मागून सजावटीचा जांभळा पार लाइट. आता शटर स्पीड १/५०, १/१००, १/१२५, १/१६०, १/२०० असं बदलत तीच फ्रेम काढा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेचसे दिवे सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात. १/५० आणि १/१०० ला फ्रेम स्वच्छ येईल, त्यापुढे आडवे पट्टे दिसायला लागतील. मिररलेस कॅमेऱ्यावर इलेक्ट्रॉनिक शटर असेल तर आणखी ठळक. स्टेजमागची एलईडी वॉल मात्र स्वतःच्याच वेगाने चालते, तिथे हा नियम लागू पडत नाही. कॅमेऱ्यात शटर स्पीड अगदी बारीक टप्प्यांनी बदलायची सोय असेल तर ती तिथे वापरून बघा.

मग फ्लॅश छताकडे वळवा. फॉल्स सीलिंग तपकिरी किंवा फार उंच असेल तर काहीच परत येत नाही, किंवा चेहरा मातकट येतो. फ्लॅशवर नारिंगी जेल (रंगीत पारदर्शक पट्टी) लावून पिवळ्या फोकसशी जुळवा आणि व्हाइट बॅलन्स हाताने ठरवा. एवढं सगळं मोबाइलवर टिपून ठेवा, हॉलच्या नावासकट. दहा हॉलची अशी टिपणं झाली की तुमचं लाइटिंगचं शिक्षण खरं पूर्ण झालं.

तपासा: सरावातले दहा फोटो लॅबकडून छापून घेतलेत का? स्क्रीनवर छान दिसणारी साडी कागदावर दुसऱ्याच रंगाची निघते, आणि तेव्हा मॉनिटर कॅलिब्रेट करायची अक्कल येते.

सराव झाला की त्याच आठवड्यात नवं दरपत्रक. जुन्या पार्टीच्या ओळखीने आलेल्यांना जुना दर द्यायचा मोह होईल. हवं तर एका ठरावीक तारखेपर्यंत द्या, पण कोटेशनवर नवा दर लिहून त्यातून सूट वजा केलेली दाखवा. नुसता जुना आकडा लिहिला की तोच तुमचा दर ठरतो.

कराराचं इथेच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम १७ नुसार, कोणी पैसे देऊन सांगून काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क, वेगळं काही ठरलं नसेल तर, काढून घेणाऱ्याचा असतो. म्हणजे लेखी काही नसताना तुम्ही पार्टीचा फोटो वेबसाइटवर टाकता तो त्यांच्या मालकीचा. हक्क कोणाचा, पोर्टफोलिओत कोणते फोटो चालतील, लहान मुलांचे चालतील का, रॉ डाटा (एडिट न केलेल्या मूळ फाइल) द्यायचा का आणि किती महिने सांभाळायचा, टोकन परत मिळेल का, बदल किती वेळा, हे सगळं मराठीत लिहून घ्या. मुलीचे वडील वाचून सही करतील अशा भाषेत.

## पायरी ९: सीझननंतर तीच वही पुन्हा

अक्षय तृतीयेनंतरची गर्दी ओसरली की पायरी १ चा तक्ता नव्या ऑर्डर्सवर मांडा आणि तासाचा दर शेजारी ठेवा. पायरी ४ मधलं वाक्य खरं झालं का तेवढंच बघा.

दर वाढला पण ऑर्डर्स थोड्या घटल्या तर घाबरू नका, एकूण हातात आलेले पैसे बघा. तास कमी झाले पण ऑर्डरचा दर तोच राहिला असेल तर अडचण आता बोलण्याच्या जातीत सरकली आहे, पुढची रक्कम तिथे. काहीच हललं नसेल तर आधी सराव झाला होता का ते तपासा. झाला नसेल तर नवा कोर्स घेऊ नका, जुन्याच शिक्षणाचा सराव भाड्याच्या लाइटवर करा. सराव होऊनही फरक नसेल तर निवड पायरी ३ मध्ये चुकली आहे. तिथे परत जा, आणि या वेळी सलग ३०० फोटो दुसऱ्या माणसाला दाखवा.

असिस्टंटला शिकवायचं असेल तर त्याचाही तक्ता याच पद्धतीने बनवा, आणि शिकल्यावर त्याची दिवसाची मजुरी किती वाढेल ते आधीच सांगा. न सांगता शिकवलेला मुलगा पुढच्या सीझनला शेजारच्या स्टुडिओत दिसतो.